दोन रिकामे खटके

८ जानेवारी

ताई,

पत्र लिहायला कितीदा तरी बसलो आणि दर वेळी दुसरंच काहीतरी करून उठलो. एकदा पेन चालेना म्हणून पेन आणायला गेलो आणि कानटोपी घेऊन आलो. एकदा नुसतं ‘ताई’ लिहिलं. पुढे भावजींबद्दल काय लिहायचं ते सुचेना, म्हणून कागद उलटा करून त्यावर माझ्या खोलीच्या चावीचं चित्र काढलं. चित्र बरं आलं. मधले काही दिवस तर मी कामावरही गेलो नाही. इथे नदीवरच्या पुलाला रंग देणं चाललंय. ती माणसं दोरीला लटकून डबा खातात, तेही एका हाताने. ते बघत बसलो. तुझ्या पत्राच्या घडीवर चहा सांडून वाळलासुद्धा. तेव्हा भावजींचं आजही लिहीत नाही. तू कॅमेऱ्याचं विचारलंयस, तर कॅमेऱ्याचं लिहितो. फोनवर मी ‘बरं’ म्हणणार, तू ‘हं’ म्हणणार, त्यापेक्षा हे परवडलं.

बर्फाच्या कारखान्यातलं काम सुटलं (सोडलं म्हण हवं तर). आता मी जुन्या-नव्या कॅमेऱ्यांच्या दुकानात काउंटरवर उभा असतो. त्यामुळे पहिल्यांदाच तू मला असं काही विचारलंयस ज्याचं उत्तर मला येतं.

तुझ्या फोटोचा खालचा अर्धा भाग काळा येतो ना, तर शटरचा पडदा फाटलाय किंवा अडकतोय. भावजींचा तो कॅमेरा आधीच साधा, सुरुवातीच्या वर्गातला. त्याने भरपूर काम केलं. दुरुस्तीला त्याच्या किमतीपेक्षा जास्त पडतील. नवा घे. आता नव्यात दोन जाती.

एक डीएसएलआर, भावजींचा होता तसा. आत आरसा असतो. तू डोळा लावतेस तेव्हा समोरचा खरा माणूस दिसतो, आरशातून वळून आलेला. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, फोटो निघतो, आरसा खाली आपटतो. म्हणजे बघ, ज्या क्षणाचा फोटो निघतो नेमका तोच क्षण फोटो काढणाऱ्याला दिसत नाही. भावजींनी इतके फोटो काढले, त्यातला एकही निघताना पाहिला नाही. गंमत आहे ना. नाही, गंमत नाही, सोड.

दुसरा मिररलेस. आरसाच नाही. डोळा लावलास की आत छोटा पडदा, टीव्हीसारखा. फोटो उजळ येणार की काळपट ते आधीच दिसतं. माणसाचा डोळा शोधून धरून ठेवतो, त्यामुळे शिकाऊ हाताला बरा. तुला शिकाऊ म्हटलं म्हणून रागावू नकोस. इतकी वर्षं गिऱ्हाईक बसवलंस, दिवे लावलेस, फ्रेमा केल्यास, पण बटण भावजींनीच दाबलं ना. वजनाला निम्मा. खोट एकच, बॅटरी फार पितो. आरसेवाला एका चार्जिंगवर आठवडा काढेल, हा दुपारी चहाला बसल्यासारखा बसतो. दोन जादा बॅटऱ्या ठेव. भावजींच्या लेन्स त्याला बसतील, मधे अडॅप्टरचं एक कडं लावावं लागतं, ते मी देतो.

मला विचारशील तर मिररलेस.

तुझा,
भोवरा

ता. क. चावीचं चित्र सोबत पाठवतोय. मागच्या बाजूला ‘ताई’ लिहिलंय तेच ते.



१७ जानेवारी

भोवऱ्या,

पत्र मिळालं. चित्रही. चावी बरी आहे, खोलीचं भाडं देतोस ना तेवढं बघ. कानटोपी डोक्यावर घालायची असते.

इथे आहे तसं आहे. स्टुडिओ सकाळी उघडते. मागचा निळा पडदा धुवायला काढला, वाळवला, परत लावला. पासपोर्टचे फोटो सध्या मोबाइलवर काढून देते, लोक चालवून घेतात. ते स्टुलावर बसतात, मी म्हणते हनुवटी जरा खाली, आणि त्यांना वाटतं मी आता रडणार. म्हणून माझ्याकडे कुणी बघत नाही. सगळ्यांची नजर बाजूला गेलेली येते. मग परत काढते.

मी रडत नाही. मला काहीच होत नाही. भांडी घासताना पाणी गरम होतं की गार, ते घासून झाल्यावर कळतं. काल पोळी करपली, तर वास शेजारणीला आधी आला.

सासूबाई बऱ्या आहेत. त्यांची खोली स्टुडिओच्या मागे, मधे फळ्यांची भिंत, तुला माहीतच आहे. गुडघ्यांमुळे खोली सोडत नाहीत. स्टुडिओत तर हे गेल्यापासून त्यांचं पाऊल नाही.

वजन, बॅटरी, कडं, सगळं समजलं. एकच विचारायचं आहे. त्या बिनआरशाच्या कॅमेऱ्याचा आवाज येतो का? भिंतीपलीकडे जाईल असा?

ताई



२४ जानेवारी

ताई,

बघ, या वेळी लगेच लिहितोय. (लगेच म्हणजे मधे एका बँडवाल्याची ओळख झाली आणि दोन दिवस त्याच्याबरोबर झांजा घेऊन हिंडलो, ते धरू नकोस.)

आवाजाचं तू विचारलंस आणि माझ्या लगेच लक्षात आलं. सासूबाईंची दुपारची झोप! माझी बहीण म्हणजे बहीण. स्वतःला पाण्याचा चटका कळत नाही आणि सासूच्या झोपेची काळजी.

तर निश्चिंत राहा. आवाज जवळजवळ नाहीच. मी प्रयोग केला. मालक जेवून खुर्चीतच डुलक्या काढतात. मिररलेसने त्यांचे तोंड उघडं टाकून घोरतानाचे फोटो काढले, अगदी नाकाजवळ जाऊन. हूं की चूं नाही. मग आरसेवाला घेतला आणि एकदाच दाबला. ताडकन उठून म्हणाले, “कोण पडलं?” मी म्हटलं, आरसा. नोकरी अजून आहे.

एक ध्यानात ठेव. त्यात आवाज पार बंद करायची सोय असते, ती तू वापरू नकोस. ती चालू असली की स्टुडिओचा फ्लॅश पेटत नाही. साधं शटर ठेव. त्याला अगदी हलकं ‘टिक’ होतं, सदऱ्याचं टिचबटण लावल्यासारखं. भिंत लांबची गोष्ट, टेबलापलीकडे जात नाही.

तेव्हा ठरलं. एक चांगला आलाय दुकानात, कुणीतरी हौसेने घेऊन कपाटात ठेवलेला. कडं, दोन जादा बॅटऱ्या, सगळं बांधून पाठवतो. हिशोबाचं नंतर बघू, नाहीतर नकोच बघू.

भावजींची ती कातडी पिशवी आहे ना, तिच्यात हा बसेल आणि वर जागा उरेल. उरलेल्या जागेत डबा ठेव.

भोवरा



३० जानेवारी

भोवऱ्या,

पार्सल करू नकोस.

मला आरसेवालाच हवा. आवाज मोठा हवा. ह्यांच्या जुन्यासारखा जितका असेल तितका बरा. फोटो कसाही येवो.

कारण विचारू नकोस.

ताई



५ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी पार्सल गेलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एक काम वेळेत केलं, तर तेच करायचं नव्हतं. आता मला कुणी आळशी म्हणू नये.

कारण विचारू नकोस म्हणालीस म्हणून विचारतो. ‘फोटो कसाही येवो’ हे वाक्य मी मालकांना दाखवलं. (फक्त तेवढंच, घडी घालून.) ते म्हणाले, असं गिऱ्हाईक तीस वर्षांत पाहिलं नाही, बाईंना कॅमेरा हवाय की उखळ?

मी अंदाज बांधले. एक, खटका ऐकू आल्याशिवाय लोकांना फोटो निघाला असं वाटत नाही आणि ते पैसे द्यायला कुरकुरतात. पण फ्लॅश उडतो तो दिसतोच की. दोन, तुला सवय झालीय. हे जरा खरं वाटतं. तीन, तुला भावजींच्या कॅमेऱ्याच्या जागी दुसरं काही नकोच आहे आणि ते तू मला आवाजाच्या आडून सांगतेस.

तिसरं असेल तर सरळ सांग ना. मी मागे चार दिवस राहून निघून गेलो, तेव्हाही तू काही बोलली नाहीस. मीही नाही. मी स्टँडवर गाडीची वाट बघत होतो आणि मला एकदम भूक लागली, भजी खाल्ली, आणि मग वाटलं, भावजी गेलेत आणि मी भजी खातोय. पण खाल्ली सगळी. हे कुणाला सांगितलं नव्हतं. आता तुझी पाळी.

तो जुना अजून चालतो का काही?

भोवरा



१४ फेब्रुवारी

भोवऱ्या,

पार्सल आलं. उघडलं नाही. कपाटावर आहे.

जुना फोटो काढत नाही. पूर्वी अर्धा काळा यायचा, आता पूर्ण काळा येतो. पण बटण दाबलं की खटका वाजतो. मला तेवढाच लागतो. का ते लिहिते, नाहीतर तू अंदाज बांधत बसशील.

जेवायची वेळ झाली की सासूबाई काठीने भिंत ठोकतात. पहिल्यापासूनची रीत. ह्यांना गिऱ्हाइकासमोर “आलो गं” ओरडणं बरं वाटायचं नाही, म्हणून हे कॅमेरा खाली धरून दोनदा रिकामं बटण दाबायचे. खटक, खटक. म्हणजे आलो. मी म्हणायचे, तुम्ही मायलेक तुरुंगातले कैदी शोभता. हे म्हणायचे, मग तू जेलर, आधी आम्हाला जेवू दे. मी गिऱ्हाईक सांभाळायचे, ते दोघं जेवायचे, मग मी.

हे गेल्यावर मी पहिल्यांदा स्टुडिओ उघडला तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. मी कॅमेरा पुसत होते. काठी वाजली. माझ्या हातात कॅमेरा होता. मी दोनदा दाबला. का, ते माहीत नाही. आत गेले तर त्यांनी दोन ताटं वाढली होती, पूर्वीसारखीच. दुसरं कुणाचं ते विचारलं नाही. ह्यांच्या पाटावर बसले आणि जेवले. त्याआधीचे किती दिवस मी नीट जेवले नव्हते, मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी परत काठी वाजली. तेव्हापासून रोज. त्या ठोकतात, मी दाबते. आम्ही जेवतो.

त्यांना सगळं आठवतं. गोळ्यांच्या वेळा, शेजारणीच्या नातवाचं नाव, मी मागच्या वर्षी फोडलेली बरणी. डोकं माझ्यापेक्षा ताळ्यावर आहे. पण काठी ठोकतात तेव्हा भिंतीपलीकडे त्यांचा मुलगा असतो, असं मला वाटतं. आणि त्याच्या जागेवर बसून त्यांना फसवते मी. उद्या खटका वाजला नाही तर त्यांचा मुलगा दुसऱ्यांदा जाईल. या खेपेला माझ्या हातून.

हे लिहितानाही मला काही होत नाहीये. डोळे कोरडेच आहेत. हात चांगला चालतोय.

जुन्याचा आरसा मधेमधे वरच अडकतो. हलवला की सुटतो. किती दिवस सुटेल सांगता येत नाही.

भजी खाल्लीस ते बरं केलंस.

ताई



२० फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र काउंटरवर उभ्याने वाचलं. मग काउंटरखाली बसलो. एक बाई कॅमेऱ्याचा पट्टा विचारत होत्या, त्यांना मी खालूनच म्हटलं, पट्टा नाही. पट्टे समोरच टांगलेले होते.

मग उठून मला जे येतं ते केलं. दुकानातले आरसेवाले सगळे कॅमेरे काढले आणि डोळे मिटून एकेक वाजवून पाहिला. काहींचा आवाज पत्र्यासारखा, एकाचा ओला, एक तर शिंकतो. मालक म्हणाले, “कॅमेरा विकायचाय की ऐकायचाय?” मी म्हटलं, थांबा हो, बहिणीला हवाय. त्यांनी उठून मागचं कपाट उघडून दिलं. तिथे मिळाला. भावजींच्याच मॉडेलचा, खरचटलेला, पण आरसा ठणठणीत. मी दोनदा दाबला आणि मला तुमचा स्टुडिओ दिसला. निळा पडदा, बाजूला दिव्यावरची छत्री, आणि भावजी मला म्हणतायत, “मेहुणे, खांदे पाडा, पोलीस नाहीये मी.”

तो काउंटरखाली ठेवलाय. कुणाला दाखवत नाही. तू सांग, त्याच दिवशी टाकतो. या वेळी तुझं उत्तर आल्याशिवाय पाठवत नाही, शिकलोय.

पण ताई, एक मनात आलं ते लिहितो, मूर्खासारखं वाटलं तर सोडून दे. हाही जुनाच आहे. हाही कधीतरी बसेल. मग मी तिसरा शोधेन, मग चौथा. शोधेन म्हणा, माझं काय अडलंय, मी हिंडतोच. पण ते मॉडेल आता कंपनी करत नाही. आणि मधल्या वेळात त्या पार्सलातल्या कॅमेऱ्याने खरे फोटो निघतील. तुझे. भावजींचे नव्हे. तुला ते नकोय का, की त्याचीच भीती वाटते?

ते सांगायचं राहिलंच, मी एक नंबरचा वेडा. मिररलेस स्टुडिओत लावलास की आतला पडदा काळाकुट्ट दिसेल. घाबरू नकोस, बिघडलेला नाही. तो फ्लॅशचा उजेड आधी धरत नाही, नुसता खोलीचा धरतो. मेनूत ‘प्रिव्ह्यू’ म्हणून आहे ते बंद कर, मग माणूस दिसेल.

भोवरा



२७ फेब्रुवारी

भोवऱ्या,

परवा जुना बंद पडला. आरसा वर अडकला तो सुटेना. हलवला, उलटा केला, उन्हात ठेवला. नशिबाने त्या दिवशी काठी वाजायच्या आधी मीच आत गेले. कालही तसंच केलं. म्हटलं, “भूक लागली, लवकर आले.” त्या बघत राहिल्या. ताटं अजून वाढलेली नव्हती.

पार्सल आज सकाळी उघडलं. एक बाई बाळाला घेऊन आल्या होत्या आणि मोबाइलवर बाळ नुसतं धुरकट येत होतं. तुझं पत्र तोवर आलं नव्हतं. डोळा लावला तर काळोख. मला वाटलं कॅमेरा नाही, माझाच डोळा. तरी दाबला. फ्लॅश उडाला, आणि मागच्या स्क्रीनवर बाळ आलं, एकदम स्वच्छ, माझ्याकडे बघत. मग तसेच काळोखात दाबत गेले. बाळाची आई म्हणाली, “ताई, तुम्ही काढता होय? मला वाटलं तुम्ही नुसत्या बसवता.” मी म्हटलं, “आता काढते.” त्या गेल्यावर पोस्टमन आला, तुझं पत्र वाचलं आणि ते प्रिव्ह्यूचं बंद केलं. आता दिसतं.

तू विचारलंस, भीती वाटते का. मला माहीत नाही. तो काउंटरखालचा पाठव म्हणायलाच हे पत्र लिहायला घेतलं. आज लवकर आत जाणार होते. पण तुला ते बाळाचं लिहीत बसले आणि वेळ गेली.

काठी वाजली. आत्ता.

मी जुन्याचं बटण दाबलं. नाही. नव्याचं दाबलं, दोनदा. टिक, टिक. मलाच जेमतेम ऐकू आलं. नखाने टेबलावर वाजवून पाहिलं, तो आवाज वेगळाच. परत काठी वाजली, जरा जोरात. उठून आत जावं तर तिथे जाऊन काय सांगायचं? कॅमेरा बिघडला म्हणून, की तुमचा मुलगा नाहीये म्हणून? दोन्ही सांगता येत नाही, म्हणून लिहितेच आहे. लिहिते आहे तोवर काही करावं लागत नाही.

काठी थांबली.

आता फरशीवर वाजतेय. हळूहळू. मधे थांबते, परत वाजते. आतल्या बोळातून.

भोवऱ्या, सासूबाई स्टुडिओत आल्यात. दाराची चौकट धरून उभ्या आहेत. धाप लागली आहे. ह्यांच्या खुर्चीकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ माझ्याकडेच बघतायत. “वाजलं नाही,” म्हणाल्या. “तीन दिवस झाले. म्हटलं, पोरीला काय झालं.”